घरच्या लॅबचा राउटर बाहेरून लागत नाही, तेव्हा आधी काय विचारायचं?



दिवाळीची सुट्टी संपून मुलं होस्टेलवर परतली की आठ-पंधरा दिवसांत एक ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, घरी होतो तेव्हा सगळं चालत होतं. इथून लागत नाही." सगळं म्हणजे काय, तर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर मांडलेली छोटीशी लॅब. एक जुना डेस्कटॉप, एखादा रास्पबेरी पाय, सेकंडहँड घेतलेला राउटर, चार-पाच केबली. मुलं पुण्यात, लॅब बार्शीला नाहीतर चिखलीला. मधे दोन-तीनशे किलोमीटर आणि एक राउटर, जो उत्तर देत नाही.

या प्रश्नावर सध्या एकच औषध सर्रास सांगितलं जातं. "पोर्ट फॉरवर्डिंग कर, झालं." माझं स्पष्ट मत आहे की हे औषध रोग न बघता दिलेलं आहे. अनेक घरांत ते लागूच पडत नाही आणि जिथे लागू पडतं तिथे पुष्कळदा नको तो दरवाजा उघडा राहतो. दुसरं मत थोडं कडू आहे. आपण मुलांना राउटर कॉन्फिगर करायला शिकवतो. तो लागत नसेल तर का लागत नाही, हे शोधायला शिकवत नाही. जर्नलमध्ये कमांड आणि तिचं आउटपुट चिकटवलं की सही मिळते. आउटपुट आलं नाही तर काय, याला जर्नलमध्ये पानच नाही.

आधी पोर्ट फॉरवर्डिंगचं बघू. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाला ते कधीच पुरणार नव्हते. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक भागात उरलेल्या पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. त्याआधीपासूनच घराघरांत एक युक्ती चालू होती. घरातल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते आणि बाहेर जाताना सगळ्यांचा मिळून एकच सार्वजनिक पत्ता. मोठ्या वाड्याला एकच टपालपेटी असावी तसं. आतून पत्र गेलं की उत्तर कोणाला द्यायचं हे राउटर लक्षात ठेवतो. पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कोणाचं, हे त्याला कळत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या पेटीवर चिकटवलेली चिठ्ठी: अमुक नंबरचं टपाल आलं की मागच्या खोलीत द्या.

इथपर्यंत पुस्तकात असतं. पुस्तकात पुढचं नसतं, किंवा एका ओळीत असतं. पत्ते संपल्यावर इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी हीच युक्ती वरच्या मजल्यावर केली. आता तुमच्या वाड्यालाच सार्वजनिक पत्ता मिळत नाही. अनेक घरं मिळून एक पेटी, आणि ती पेटी कंपनीच्या ताब्यात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा मुद्दाम राखून ठेवला गेला. तुम्ही तुमच्या राउटरवर कितीही सुंदर चिठ्ठी चिकटवा, टपाल तुमच्या दारापर्यंत येणारच नाही. ते वरच्या पेटीशीच परत फिरतं.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न एकच. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलेल्या ठिकाणी कोणता आयपी आहे? आणि त्याच वेळी घरच्याच नेटवरून 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर कोणता दिसतो? दोन्ही एकच असतील तर पुढे चला. वेगळे असतील, त्यातही राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला, १० ने सुरू होणारा किंवा १९२.१६८ चा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर एक मिनिटही घालवू नका. दोन मिनिटांची ही तपासणी न केल्यामुळे मुलांचे अख्खे रविवार गेलेले मी पाहिले आहेत. हे सुट्टीत, घरी असतानाच बघून ठेवायचं असतं, बरं का. होस्टेलवर गेल्यावर तेच पान उघडता येत नाही, हीच तर तक्रार आहे.

डायनॅमिक डीएनएस इथे फसवतो. घरचा पत्ता बदलला तरी नाव तेच राहावं म्हणून ही सोय असते. वीज गेली, राउटर पुन्हा जोडला गेला, पत्ता बदलला, की ती नवा पत्ता नोंदवते. पण सीजीनॅटच्या मागे ती एकतर तो आतला १००.६४ वाला पत्ता नोंदवते किंवा सगळ्या शेजाऱ्यांचा सामायिक पत्ता. नाव शोधलं की उत्तर येतं, हिरवी खूण दिसते, आणि मुलगा म्हणतो, "डीएनएस तर बरोबर आहे!" बरोबर आहे ना, पण पत्ता तुझ्या घराचा नाही.

सीजीनॅट आहे असं कळलं तर वाटा तीन. कंपनीकडे जास्तीचे पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागायचा. किंवा आयपीव्ही६ वापरायचं. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते, त्यामुळे परवानगी द्यावी लागते. शिवाय होस्टेलच्या वायफायवर आयपीव्ही६ नसेल तर तिथून घर दिसणारच नाही. किंवा मग दिशाच उलटी करायची. बाहेरून घरात न शिरता घरच्या राउटरनेच बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरला जोडून घ्यायचं आणि आपणही त्याच सर्व्हरमार्गे आत जायचं. मला ही तिसरी वाट आवडते, कारण तिच्यात घरावर एकही पोर्ट उघडं राहत नाही. टेलस्केलसारख्या सेवा हेच तयार करून देतात. रोजच्या वापराला खुशाल घ्या. पण नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने वायरगार्ड उभा करावा. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. कॉन्फिगरेशन दहा-बारा ओळींचं. चुकलं तर कुठे चुकलं हे शोधण्याइतकं लहान.

आता शोधायचं कसं, यावर थोडं रेंगाळते, कारण खरी गंमत इथे आहे.

बहुतेक मुलं दोन्ही टोकांना एकदम बदल करत सुटतात. इकडे पोर्ट बदल, तिकडे फायरवॉल बंद कर, मधेच राउटर रीस्टार्ट. तासाभराने चालू झालं तरी कशामुळे झालं हे सांगता येत नाही आणि बंद केलेली फायरवॉल तशीच राहते. त्यापेक्षा पाकिटाचा माग काढा. ते निघालं का? घरच्या राउटरपर्यंत पोचलं का? राउटरने आत दिलं का? आतल्या यंत्राने उत्तर दिलं का? उत्तर परत आलं का? या पाच प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर सगळ्यात मोलाचं आणि ते मिळवायला जवळजवळ फुकट. फायरवॉलच्या प्रत्येक नियमासमोर एक मोजणी असते, किती पाकिटं या नियमाला लागली ती. घरून कोणीतरी ती वाचून दाखवली तरी चालतं. इकडून प्रयत्न करा आणि आकडा वाढतो का ते विचारा. आकडा शून्यावर असेल तर पाकीट बहुधा अजून दारातच आलेलं नाही. आकडा वाढत असेल तर कंपनीला दोष देऊ नका, पाकीट आत आलंय आणि पुढचं तुमचं काम आहे. एका आकड्याने अर्धा नकाशा पुसला जातो.

वायरगार्डच्या बाबतीत हे जास्तच लागतं, कारण तो मुद्दाम मुका आहे. ज्याची किल्ली जुळत नाही त्याला तो नकारही कळवत नाही, गप्प बसतो. त्यामुळे बाहेरून पोर्ट स्कॅन करून "पोर्ट बंद आहे" असा निष्कर्ष काढणं चूक. किल्ली चुकली, पोर्ट चुकलं की घरची वीज गेली, तिन्हींत बाहेरून सारखंच दिसतं. 'शेवटचा हँडशेक' केव्हा झाला ते बघा. तो झालेलाच नसेल तर वाट किंवा किल्ली. झाला असेल आणि तरी आतलं काही दिसत नसेल, तर वाट ठीक आहे, पत्ते तपासा.

तपासणी कुठून करता यालाही महत्त्व आहे. घरच्याच वायफायवर बसून घरचा सार्वजनिक पत्ता उघडून बघू नका. काही राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देतात, काही देत नाहीत. त्या निकालावरून बाहेरच्या जगाबद्दल काहीच कळत नाही. फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून बघा. होस्टेलवरून लागत नसेल तेव्हाही हेच. वायरगार्ड फक्त यूडीपी वापरतो आणि बऱ्याच कॉलेजांची फायरवॉल अनोळखी यूडीपी अडवते. मोबाइल डेटावरून लागलं आणि होस्टेलच्या वायफायवरून नाही, तर घरच्या राउटरला हात लावायचं कारणच नाही.

एक मजेदार दोष मात्र दरवर्षी कोणाला तरी सापडतो. व्हीपीएन जोडला गेला, हँडशेक झाला, १९२.१६८.१.१ उघडलं, लॉगिनचं पान आलं, पण घरचा पासवर्ड लागत नाही. लागणार कसा? होस्टेलच्या राउटरचा पत्ताही तोच आहे आणि लॅपटॉपला जवळचा सापडला! मुलगा रात्रभर होस्टेलच्या राउटरवर घरचा पासवर्ड मारत बसलेला. रेक्टरांपर्यंत गेलं नाही हे नशीब. घरच्या लॅबला १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हे पट्टे देऊच नयेत. १०.४७.१२ सारखं काहीतरी आडवळणाचं घ्या, कोणाशी टक्कर होणार नाही.

आणि परतीची वाट! पाकीट जाण्याची वाट सगळे तपासतात, येण्याची कोणी तपासत नाही. समजा घरी दोन राउटर आहेत, एक कंपनीचा आणि एक लॅबचा. व्हीपीएन लॅबच्या राउटरवर. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणि जुन्या डेस्कटॉपचा गेटवे मात्र कंपनीचा राउटर. तुमचं पाकीट लॅबच्या राउटरमधून डेस्कटॉपपर्यंत नीट पोचतं. डेस्कटॉप उत्तर देतो, पण ते कंपनीच्या राउटरकडे. त्या बिचाऱ्याला व्हीपीएनचा पत्ता माहीतच नाही, तो उत्तर टाकून देतो. अशा वेळी राउटरला पिंग लागतं, डेस्कटॉपला लागत नाही, आणि मुलं डेस्कटॉपची फायरवॉल खणत बसतात. कंपनीच्या राउटरवर एक स्टॅटिक रूट लिहिला की संपलं. डेस्कटॉपवर पाकिटं येताना आणि जाताना टीसीपीडंपमध्ये बघितली तर हा दोष पाच मिनिटांत कळतो. वर्गात चार तास शिकवून जे राउटिंग समजत नाही, ते या एका दोषात समजतं. म्हणूनच मला घरची लॅब हवीशी वाटते.

पिंग लागतं, छोटं पान उघडतं, पण मोठं पान अर्ध्यावर अडकतं किंवा एसएसएचमध्ये लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो, असं असेल तर एमटीयू बघा. बोगद्यातून जाताना प्रत्येक पाकिटावर जादा वेष्टण चढतं. वायरगार्ड म्हणूनच सहसा १४२० धरतो. वाटेत कुठे त्याहून अरुंद जागा असली तर मोठी पाकिटं गळतात. १२८० करून बघा. चाललं तर दोष सापडला.

वीज गेल्यानंतरच बंद पडणारी एक भानगड आहे, आपल्याकडे ती सांगायलाच हवी. रास्पबेरी पायसारख्या बऱ्याच स्वस्त यंत्रांत घड्याळाचा सेल नसतो. वीज येते तेव्हा ते काही तास किंवा दिवस मागे असतात. वायरगार्ड जोडणी मागताना वेळेचा शिक्का मारतो आणि पलीकडचा सर्व्हर आधीच्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. इंटरनेटवरून घड्याळ दुरुस्त होईपर्यंत घर बाहेरच. सगळी वाहतूक बोगद्यातूनच न्यायची असं ठरवलं असेल, तर घड्याळाची दुरुस्तीही बोगद्यातूनच जाणार आणि बोगदा घड्याळाशिवाय उघडणार नाही. बसा मग. वेळेच्या सर्व्हरची वाट बोगद्याबाहेर ठेवा.

आता "नको त्या दरवाजाबद्दल". राउटरचं लॉगिन पानच थेट इंटरनेटवर उघडायचं, असं सुचवणारे व्हिडिओ मुलं मला दाखवतात. राउटरमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' नावाची खूण असते, ती केली की लगेच चालतं. चालतं म्हणूनच ती वाईट आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कोणतीही जादू न करता. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या, बस. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच्या हल्ल्यामुळे अमेरिकेत मोठमोठ्या साइट्स तासन्‌तास बंद होत्या. तो लिहिणारे विशीच्या आसपासचे तरुण होते. पासवर्ड बदलला की झालं, असंही समजू नका. मायक्रोटिक राउटरांच्या विनबॉक्स सेवेत २०१८ मध्ये असं भोक सापडलं की पासवर्ड न जाणता पासवर्डांची फाइलच वाचता येत होती. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली, तरी पुढे महिनोन्‌महिने दुरुस्ती न केलेल्या राउटरांमार्फत लोकांच्या विजेवर परक्यांची क्रिप्टोची खाणकामं चालू राहिली. ज्यांनी ते पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवलं होतं त्यांना बाहेरून धोका नव्हता. यावर माझ्याकडे तडजोड नाही. आधी व्हीपीएन, मग राउटरचं पान, तेही आतल्याच पत्त्यावर.

काही जण म्हणतात, "मॅडम, लहान घर आहे, आमचं कोण काय नेणार?" घरातलं कोणी काही नेत नाही, घराचा पत्ता वापरतात. त्या पत्त्यावरून कोणी फसवणूक केली तर विचारपूस ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याची, म्हणजे बहुतेक वेळा वडिलांची होते.

वडिलांवरून आठवलं. ज्या राउटरवर आपण प्रयोग करतो त्यावर घरात अजून कोण अवलंबून आहे? ताई घरून काम करते, धाकटा ऑनलाइन क्लासला बसतो, शेजारच्या काकू वीजबिल भरायला येतात. शनिवारी रात्री तुम्ही पुण्यातून एक नियम बदलला आणि तोच नियम तुम्हाला बाहेर टाकून गेला, तर सोमवारी ताईची मीटिंग बुडते. म्हणून लॅबचा राउटर वेगळा आणि कंपनीच्या राउटरच्या मागे, हा माझा आग्रह. त्याने दुहेरी नॅट होतं, जोडणी किचकट होते, मान्य. पण लॅब कोसळली तर एकटी लॅब कोसळते. काही जाणकार याच्या उलट, कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाकून सगळं आपल्या राउटरवर घ्यायला सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते जास्त स्वच्छ आहे. घरी राहणाऱ्याने तसं करावं, तीनशे किलोमीटरवर राहणाऱ्याने नाही.

आपल्याच बदलाने बाहेर अडकणं हे नवशिक्यांचंच दुखणं आहे असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सहा तासांच्या आसपास बंदच होते. देखभालीच्या कामातल्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं आणि दुरुस्तीसाठी दूरून आत शिरायची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरला प्रत्यक्ष पाठवावं लागलं. यावर उपाय जुने आहेत. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड असतो, जोडणी तुटली की बदल आपोआप मागे घेतले जातात. जुनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड', ठरलेल्या मिनिटांत तुम्ही हो म्हटलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन परत. सिस्कोमध्ये बदल करण्याआधी दहा मिनिटांनी रीलोड लावून ठेवायचा आणि सगळं ठीक दिसलं तर तो रद्द करून मग सेव्ह करायचं. प्रात्यक्षिकात हे किती जणांनी कधी केलंय? परीक्षेत राउटर समोरच्या टेबलावर असतो, म्हणून गरज पडत नाही. मी परीक्षक असते तर राउटर दुसऱ्या खोलीत ठेवला असता, त्यात एक दोष घातला असता, आणि दोष निघाला की नाही यापेक्षा मुलाने कोणत्या क्रमाने काय तपासलं या कागदाला जास्त गुण दिले असते.

फेसबुककडे डेटा सेंटरला पाठवायला माणसं होती. तुमच्याकडे आई आहे.

"आई, त्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा आहे का गं?"

"लाल पण आहे, हिरवा पण आहे. कुठला सांगू?"

या फोनवर अर्धा तास जातो, आणि वैतागून मुलगा म्हणतो, "जाऊ दे, रीसेट कर." आई आज्ञाधारकपणे टाचणी घालून मागचं बटण दहा सेकंद दाबून धरते. त्याने कंपनीचं यूजरनेम, पासवर्ड, सगळंच पुसलं जातं. आता माणूस येईपर्यंत घरालाही नेट नाही. रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक फोनवर, घाईत, दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीच्या आवाजात समजावता येत नाही. तो सुट्टीत, समोर बसून समजवायचा असतो.

तर या सुट्टीत निघण्याआधी एक कागद लिहून डब्याशेजारच्या भिंतीवर चिकटवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. पांढरा डबा कंपनीचा, काळा डबा माझ्या लॅबचा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर तुटली आहे, मला नको, कंपनीला फोन करायचा, नंबर हा. नेट गेलं तर आधी काळ्या डब्याचा प्लग काढायचा. त्याने घरचं नेट आलं तर तो तसाच काढून ठेवायचा आणि मला सवडीने कळवायचं. मागच्या छोट्या भोकात काहीही घालायचं नाही. आणि दोन्ही प्लगांना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, कारण त्या बोर्डावर मिक्सरचीही वायर असते.